गाडीचा ताप मोजा, धंद्याचे नुकसान टाळा

पहाटे सहाच्या सुमारास खांदा कॉलनीच्या रस्त्यावर थोडा वेळ उभे राहिले, की पनवेलचा छोटा व्यापार दोन चाकांवर कसा चालतो ते दिसून येते. कोणी पाव-बटरच्या क्रेट बांधून दुकाने गाठतो आहे, कोणी वाशीच्या बाजाराला निघाला आहे, तर कोणी तयार कपड्यांचे गठ्ठे मागे बांधून खोपोली, कर्जत, पेणच्या बाजाराची वाट धरतो आहे. वेल्डिंगवाले कारागीर याच गाडीवर सामान लादून तळोजा औद्योगिक वसाहतीकडे जातात. चार चाकी टेम्पो घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. शंभर-सव्वाशे सीसीची मोटारसायकल हेच अनेकांचे दुकान, हेच गोदाम आणि हाच नोकर.

अशा या गाडीवर वेग दाखवणारा काटा असतो, बहुधा पेट्रोलचा काटाही असतो. पण इंजिन किती तापले आहे, हे सांगणारा काटा आपल्या नेहमीच्या गाड्यांवर नसतो. परिणामी इंजिन तापून जाम झाल्यावरच मालकाला कळते, की ते तापले होते. हे अगोदर कसे कळावे आणि त्यात आमच्या कारागीर बांधवांना काय काम मिळू शकते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

ईदच्या तोंडावर बंद पडलेली गाडी

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ खांदा कॉलनीत राहतात. तयार कपड्यांचा फिरता व्यापार करतात. २०२४ च्या जून महिन्याचा आरंभ होता. बकरी ईद पंधरा दिवसांवर आली होती आणि पाऊस अजून सुरू व्हायचा होता. मागे कपड्यांचे दोन मोठे गठ्ठे बांधून ते लोणावळ्याला निघाले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई आहे, त्यामुळे शेडुंग, चौक, खालापूर, खोपोली असा जुना रस्ता त्यांनी धरला. खोपोली सोडून बोरघाट चढताना गाडीची ओढ कमी झाली. त्यांना वाटले, ओझे जास्त आहे. त्यांनी गिअर कमी केला व रेस वाढवली. थोड्याच अंतरावर मागचे चाक घासत गाडी जागच्या जागी थांबली. किक खाली जाईना.

गाडी टेम्पोत घालून परत आणावी लागली. गॅरेजमध्ये इंजिन उघडले तेव्हा पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे होते. तेल दांडीच्या खालच्या खुणेच्याही खाली गेले होते आणि हेडच्या पाकळ्यांमध्ये मागच्या पावसाळ्यातील माती भाजून घट्ट बसली होती. बोअर, पिस्टन, रिंग, सगळेच काम निघाले. खर्च तर झालाच, पण त्याहून मोठे नुकसान हे, की वर्षातील विक्रीचे जे मोजके दिवस, त्यांपैकी बारा दिवस गाडी गॅरेजमध्ये पडून राहिली.

उस्तादांनी त्यांना एवढेच सांगितले, “भाई, गाडी तुम्हाला सांगत होती. ओढ कमी झाली तेव्हाच थांबला असता, तर आज रिंगसुद्धा बदलावी लागली नसती.”

त्यावर हे गृहस्थ म्हणाले, “उस्ताद, गाडी सांगते ते तुम्हाला कळतं. मी कपडे विकणारा माणूस. मला आकडा दिसेल असं काही तरी लावून द्या.”

हा साधा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटला. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांची स्थिती हीच आहे.

काटा का नसतो?

ज्या गाडीचे इंजिन पाण्याने थंड होते, तिच्या पाण्याचे तापमान एका जागी मोजले तरी साऱ्या इंजिनाचा अंदाज येतो. म्हणून रेडिएटर असलेल्या गाड्यांना काटा किंवा निदान धोक्याचा दिवा असतो. आपल्या नेहमीच्या वापरातील बहुतेक गाड्यांचे इंजिन मात्र हवेने थंड होते. १९८५ साली आलेली हीरो होंडाची सीडी १००, त्यानंतर १९९४ साली आलेली स्प्लेंडर, जुनी बुलेट, यामाहाची आरएक्स १००, या साऱ्या हवेवर थंड होणाऱ्या गाड्या. यांच्या इंजिनात जागोजागी तापमान वेगळे असते. प्लगपाशी एक, सिलिंडरच्या तळाशी दुसरे, तेलात तिसरे. गाडी स्वस्त व साधी ठेवायची असल्याने कंपन्यांनी काटा दिला नाही, आणि गाडी चालत राहिली तर त्याची गरजही सहसा पडत नाही.

“चालत राहिली तर” हे शब्द ध्यानात ठेवावेत. हवेने थंड होणारे इंजिन वाऱ्यावर जगते. गाडी धावते तेव्हा पाकळ्यांमधून वारा जातो आणि उष्णता घेऊन जातो. कळंबोली सर्कलला कंटेनरच्या रांगेत गाडी अडकली की वारा बंद होतो, इंजिन मात्र चालूच असते. घाटात तर दुहेरी अडचण. इंजिनाला काम सर्वांत जास्त आणि वेग सर्वांत कमी. जुन्या बजाज चेतक स्कूटरला किंवा रिक्षाला ही अडचण कमी येत असे, कारण त्यांच्या इंजिनावर पत्र्याच्या टोपणाखाली स्वतंत्र पंखा होता. मोटारसायकलला तो नाही.

आता तापल्याने नेमके काय होते ते पाहू. पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि तो ज्यात फिरतो ती स्लीव्ह बहुधा बीडाची. तापल्यावर अॅल्युमिनियम बीडापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगते. स्प्लेंडरचा पिस्टन सुमारे ५० मिलिमीटर व्यासाचा. तो शंभर अंशांनी जास्त तापला, तर साधारण एक दशांश मिलिमीटर फुगतो. स्लीव्ह तेवढीच तापली तरी त्याच्या निम्म्याच्या आसपास फुगते. या दोहोंतील फरक ०.०४ ते ०.०५ मिलिमीटर येतो, म्हणजे एखाद्या बारीक केसाच्या जाडीएवढा. पिस्टन आणि स्लीव्ह यांच्यात मुळात जागाही साधारण तेवढीच ठेवलेली असते. त्या जागेत तेलाचा पातळ थर असतो. जागा संपली आणि तेल जळाले, की धातूवर धातू घासतो. गॅरेजमध्ये ज्याला ‘सीज होणे’ म्हणतात ते हेच.

तेलाचाही हिशेब आहे. शंभर सीसीच्या गाडीत जेमतेम लिटरभर तेल असते. नव्वद ते एकशे दहा अंशांपर्यंत तेल चांगले काम करते. त्याहून फार थंड राहिले, तर आत साचलेला ओलावा उडून जात नाही. त्याहून फार तापले, तर ते लवकर खराब होते. ढोबळ नियम असा, की दर दहा अंश वाढीला तेल खराब होण्याचा वेग दुप्पट होतो. एकशे तीसच्या पुढे साधे खनिज तेल फार दिवस टिकत नाही. म्हणून भर उन्हाळ्यात ओझे वाहणाऱ्या गाडीचे तेल, कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरची वाट न पाहता लवकर बदलणे शहाणपणाचे.

तव्यावरचा थेंब

पैसा खर्च न करता तापमान ओळखण्याची एक रीत आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. रोटी टाकण्यापूर्वी तव्यावर पाण्याचा थेंब शिंपडून पाहतात. थेंब नुसता बसून राहिला, तर तवा शंभर अंशांच्या खाली आहे. चर्रकन उडाला, तर शंभरच्या बराच वर. थेंबाची गोळी होऊन ती तव्यावर नाचू लागली, तर तवा दोनशेच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे गेला आहे. या नाचणाऱ्या थेंबाचे वर्णन लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन वैद्याने १७५६ साली केले. थेंबाच्या खाली वाफेची गादी तयार होते आणि थेंब धातूला टेकतच नाही, हे त्याचे कारण.

हीच परीक्षा गाडी थांबवून हेडच्या पाकळीवर करता येते. बोटाने एखादा थेंब टाकावा. थेंब चर्रकन उडाला, तर बहुधा काळजीचे कारण नाही. थेंब नाचू लागला, तर गाडी पुढे नेऊ नये. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. पाणी प्लगवर किंवा वायरवर पडू देऊ नये आणि तापलेल्या इंजिनावर बाटली कधीही रिकामी करू नये. तापलेला धातू एका बाजूने एकाएकी आकसला, तर हेड वाकते किंवा तडा जातो. घाटात गाडी थांबवून तिला ‘अंघोळ’ घालणारे लोक आम्ही पाहिले आहेत. ते आपल्याच हाताने नुकसान ओढवून घेतात.

याखेरीज गाडी स्वतः ज्या खुणा देते, त्याही शिकून घ्याव्यात. सपाट रस्त्यावर ओढ कमी होणे, रेस दिल्यावर आतून टकटक असा आवाज येणे, चावी बंद केल्यावरही इंजिनाने दोन-चार फेरे घेणे, जळक्या तेलाचा वास येणे, या सर्व तापाच्या खुणा आहेत. प्लग काढून पाहिल्यास तांबूस-तपकिरी रंग चांगला, पांढरा फटफटीत रंग जास्त तापल्याचा आणि काळा रंग पेट्रोल जास्त जात असल्याचा.

या साऱ्या खुणांत एक उणीव आहे. त्या एक तर गाडी थांबवल्यावर कळतात, किंवा नुकसान सुरू झाल्यावर. चालत्या गाडीवर वेळेवर कळायचे असेल, तर मोजमापच हवे.

मोजण्याची साधने

पहिले साधन म्हणजे इन्फ्रारेड बंदूक. खटका दाबला की समोरच्या वस्तूचे तापमान पडद्यावर दिसते. गॅरेजमध्ये ही फार उपयोगाची आहे, पण हिच्यामुळे फसगतही होते. चकचकीत अॅल्युमिनियमवर ती खरे तापमान दाखवत नाही, पुष्कळच कमी दाखवते. उपाय सोपा आहे. हेडच्या बाजूला नाण्याएवढी जागा उष्णता सोसणाऱ्या मॅट काळ्या रंगाने रंगवावी आणि दर वेळी तेथेच मोजावे. दुसरे असे, की लाल ठिपका जेवढा दिसतो तेवढीच जागा ती मोजत नाही. बारास एक प्रमाणाची बंदूक एक फूट अंतरावरून धरली, तर एक इंच व्यासाच्या वर्तुळाची सरासरी दाखवते. म्हणून ती जवळ धरावी.

दुसरे साधन तापमानाच्या चिकटपट्ट्यांचे. या पट्टीवर ठरावीक तापमानांचे चौकोन असतात. ते तापमान एकदा गाठले, की तो चौकोन कायमचा काळा होतो. गाडी सर्वांत जास्त किती तापली, याचा हा पुरावा होय. इंजिनाचे काम करून दिल्यावर अशी पट्टी लावणे कारागिराच्याही हिताचे. गिऱ्हाईकाने गाडी तापवून पुन्हा आणली, तर वाद घालण्याची वेळ येत नाही.

तिसरे साधन तेलाच्या दांडीच्या जागी बसणारा थर्मामीटर. बुलेटसारख्या गाड्यांसाठी असे थर्मामीटर मिळतात. तेलाचे तापमान सावकाश चढते आणि सावकाश उतरते, त्यामुळे लांबच्या प्रवासात ते चांगला अंदाज देते. घाटातील एकाएकी आलेला ताप मात्र ते उशिरा दाखवते.

चौथे, आणि आमच्या मते धंद्याच्या गाडीसाठी सर्वांत योग्य, साधन म्हणजे प्लगखाली बसणारी कडी. ही तांब्याची वॉशरसारखी कडी असते. तिला दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडलेल्या असतात. दोन वेगळे धातू एकत्र जोडून तो जोड तापवला, की अत्यंत सूक्ष्म वीज निर्माण होते. ही गोष्ट झेबेक या शास्त्रज्ञाने १८२१ साली दाखवून दिली. या जोडीला थर्मोकपल म्हणतात. सर्वांत जास्त वापरली जाणारी ‘के’ जातीची जोडी शंभर अंशांच्या फरकाला सुमारे चार मिलिव्होल्ट वीज देते. हवेने थंड होणाऱ्या विमानाच्या इंजिनांवर अशी प्लगखालची कडी फार पूर्वीपासून वापरली जाते आणि इंजिनाच्या चाचणीशाळांतही प्लगच्या बैठकीचे तापमान याच रीतीने घेतात. म्हणजे ही काही जुगाडाची गोष्ट नाही.

बसवताना होणाऱ्या चुका

आमच्या या गृहस्थांच्या गाडीवर उस्तादांनी अशीच कडी बसवली. त्या कामात ज्या गोष्टी लक्षात आल्या, त्या कारागीर बांधवांसाठी येथे देत आहोत.

कडी घेताना प्लगच्या आट्यांचे माप पाहावे. १०, १२ आणि १४ मिलिमीटर अशी मापे असतात. स्प्लेंडरसारख्या गाडीला १० मिलिमीटरची कडी लागते, जुन्या बुलेटला १४ ची. प्लगची मूळ वॉशर काढायची की ठेवायची, हे कडीसोबतच्या सूचनेप्रमाणे ठरवावे आणि प्लग जास्त वर उचलला जात नाही, हे तपासावे. प्लग नेहमी थंड इंजिनावर व हाताने सुरुवात करून बसवावा. अॅल्युमिनियमच्या हेडमधील आटे एकदा गेले, की तापमान मोजण्याचा उद्योग महागात पडतो.

तार कमी पडली, तर साधी तांब्याची तार जोडू नये. उस्तादांनी पहिल्या दिवशी हीच चूक केली. जोड इंजिनाजवळ साठ अंशांवर आणि मीटर हँडलवर तीस अंशांवर असेल, तर मीटर तीस अंश कमी दाखवतो. एकशे नव्वदचे एकशे साठ दिसले, तर मालक निर्धास्त राहील आणि गाडी जाईल. लांबी वाढवायची, तर त्याच ‘के’ जातीची तार वापरावी. इंजिन तापताना आकडा खाली जाऊ लागला, तर तारा उलट जोडल्या गेल्या आहेत असे समजावे. तार सायलेन्सरपासून दूर न्यावी आणि हँडल पूर्ण वळवूनही ती ताणली जात नाही, हे पाहावे.

बाजारात फ्रीजसाठी मिळणारे लहान डिजिटल थर्मामीटर फार स्वस्त असतात. त्यांची मजल बहुधा एकशे दहा अंशांपर्यंतच असते. हेडवर ते चालत नाहीत. ज्यांना मीटर घेण्यापूर्वी नुसती परीक्षा करून पाहायची आहे, त्यांनी तापमान मोजणारा मल्टीमीटर घ्यावा. पुष्कळ गॅरेजमध्ये तो असतोच, फक्त त्यावरील तापमानाच्या खुणेकडे कोणी लक्ष देत नाही.

आकड्यांची वही

मीटर बसवल्यावर या गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला, “किती आकडा झाला म्हणजे घाबरायचं?”

उस्तादांचे उत्तर आम्हाला मोलाचे वाटते. ते म्हणाले, “ते मी आज सांगू शकत नाही. महिनाभर लिहून ठेवा, मग तुमची गाडीच सांगेल.”

याचे कारण उघड आहे. कडी कोठे बसली, प्लग कोणता, गाडी किती जुनी, ओझे किती, यांवर आकडा बदलतो. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लागू पडत नाही. एक गोष्ट मात्र सर्वांना लागू आहे. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची ताकद दोनशे अंशांच्या पुढे झपाट्याने कमी होते. म्हणून कडीवरील आकडा दोनशेच्या पुढे जाऊन तेथेच टिकू लागला, तर गाडी थांबवलेली बरी.

या गृहस्थांनी विक्रीच्या वहीच्या मागच्या पानांवर आकडे लिहायला सुरुवात केली. रस्ता, ओझे, ऊन आणि आकडा, एवढेच. महिन्याभरात चित्र स्पष्ट झाले. चौकपर्यंतच्या मोकळ्या रस्त्यावर ओझ्यासह १४० ते १४५. कळंबोलीच्या कोंडीत १७० पर्यंत. बोरघाटात १८५ ते १९०. घाटातून उतरताना आकडा भराभर खाली येतो, हेही दिसले. त्यांनी मीटरची घंटी २०० वर लावून घेतली, म्हणजे चालवताना सारखे मीटरकडे पाहावे लागत नाही. रस्त्यावरची नजर काढून मीटरवर ठेवणे हे इंजिन तापण्यापेक्षा धोक्याचे आहे.

या वहीचा खरा उपयोग पुढे डिसेंबरात झाला. थंडीची सकाळ, नेहमीचे ओझे, तोच चौकपर्यंतचा रस्ता. आकडा १६५ दाखवत होता. घंटी वाजली नव्हती, कारण १६५ हा काही धोक्याचा आकडा नव्हे. कोंडीत तो रोजच दिसे. आवाज नेहमीचा, ओढही ठीक. वही नसती, तर ते पुढे गेले असते. पण मोकळ्या रस्त्यावर, आणि तेही थंडीत, वीस अंश जास्त का, हा प्रश्न त्यांना पडला. ते शेडुंगजवळून मागे फिरले.

उस्तादांनी ब्रेक पाहिले, चाके मोकळी फिरत होती. चेन फार ताणलेली नव्हती. तेल बरोबर होते. प्लग मात्र पांढरा पडू लागला होता. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या जोडाची रबरी ओ-रिंग कडक होऊन भेगाळली होती. तेथून जास्तीची हवा आत जात होती. पेट्रोल तेवढेच, हवा जास्त, म्हणजे मिश्रण पातळ आणि जाळ कडक. दोन चहाच्या पैशांत मिळणारी ओ-रिंग बदलली. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर आकडा पुन्हा १४३ वर आला.

जूनमधल्या कामाचा खर्च आणि डिसेंबरमधल्या कामाचा खर्च यांची तुलना वाचकांनीच करावी. फरक मीटरने केला असे म्हणता येणार नाही. मीटर नुसताच असता, तर १६५ हा आकडा पाहून कोणी थांबला नसता. फरक नेहमीचा आकडा ठाऊक असल्याने पडला. व्यापारी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. दुकानात एखाद्या दिवशी किती गल्ला जमला यावरून काही कळत नाही. रोज किती जमतो हे ठाऊक असेल, तरच आज कमी का, हा प्रश्न पडतो.

कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांच्या मालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०२५ पासून पंपांवर बहुतेक ठिकाणी वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरमध्ये मिश्रण थोडे पातळ होते. जुने रबरी भागही अशा पेट्रोलने लवकर खराब होऊ शकतात. म्हणून जुन्या गाडीचे रबर, नळ्या आणि प्लगचा रंग यांची तपासणी पूर्वीपेक्षा लवकर लवकर करावी.

नव्या गाडीचे काय?

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६ मानक लागू झाले आणि बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. या गाड्यांत इंजिनाचे, म्हणजे तेलाचे किंवा हेडचे, तापमान मोजणारा सेन्सर मुळातच असतो. पेट्रोल किती सोडायचे, हे गाडीचा संगणक त्यावरूनही ठरवतो. म्हणजे काटा नसला, तरी गाडीला आपले तापमान ठाऊक असते, फक्त ती मालकाला सांगत नाही. योग्य जोडणीचा स्कॅनर लावला, तर तो आकडा पाहता येतो. मोटारगाडीची जोडणी दुचाकीला थेट बसेलच असे नाही, त्या त्या कंपनीप्रमाणे वेगळी केबल लागते. वॉरंटीतील गाडीची वायर कापून जास्तीचा मीटर बसवू नये. वॉरंटीचा दावा नाकारला जाण्याची भीती असते. आणि इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, तर तो टेप चिकटवून झाकण्याऐवजी गाडी दाखवून आणावी.

कारागिरांसाठी काम

आमच्या समाजातील पुष्कळ तरुण गॅरेजमध्ये शिकून उस्ताद झाले आहेत. कानाने इंजिन ओळखण्याची विद्या त्यांच्याकडे आहे. ती विद्या थोर आहे, पण ती गिऱ्हाईकाला दिसत नाही. “रबर बदलले” असे सांगितले, तर गिऱ्हाईकाला शंका येते. “आधी १६५, आता १४३” असे बिलावर लिहून दिले, तर तोच गिऱ्हाईक आणखी चार जणांना घेऊन येतो.

हे काम सुरू करण्यास मोठे भांडवल लागत नाही. एक इन्फ्रारेड बंदूक, तापमान मोजणारा एक मल्टीमीटर, तीन मापांच्या कड्या आणि ‘के’ तारेचे एक बंडल, एवढ्यावर सुरुवात होते. मीटर बसवण्यासाठी हँडलवर लागणारी पट्टी फॅब्रिकेशनचे काम करणारे बांधव सहज बनवू शकतात. पावाच्या, दुधाच्या, पार्सलच्या फेऱ्या करणाऱ्यांना हे काम विकत घ्यावेसे वाटेल, कारण त्यांची गाडी एक दिवस बंद राहणे म्हणजे एक दिवसाची रोजी बंद. मात्र ज्याची गाडी फक्त घर ते स्टेशन चालते, त्याच्या गळ्यात मीटर मारू नये. त्याला पाकळ्या धुऊन द्याव्यात आणि तेल पाहायला शिकवावे. तेवढे त्याला पुरेसे आहे.

मालकांसाठी थोडक्यात

दर आठवड्याला, गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, तेलाची दांडी पाहावी. पावसाळा संपला की हेडच्या पाकळ्यांमधील माती मऊ ब्रशने व थंड इंजिनावर काढावी. लांब कोंडीत इंजिन बंद करावे. घाटात ओढ कमी झाली, तर रेस वाढवू नये. गाडी डावीकडे घेऊन, इंजिन बंद करून, सावलीत निदान अर्धा तास थांबावे. तापलेली गाडी जागेवर चालू ठेवून थंड होत नाही, कारण वारा नसतो. चालत्या गाडीत इंजिन एकदम आवळू लागले, तर ताबडतोब क्लच दाबून धरावा, म्हणजे मागचे चाक जाम होऊन पडण्याचा धोका टळतो. जाम झालेल्या इंजिनाला किक मारत बसू नये.

मीटर बसवा अगर न बसवा, एक वही मात्र करावी. तिच्यात तेल कधी बदलले, प्लगचा रंग कसा होता, एका लिटरला किती किलोमीटर पडले, हे लिहावे. पेट्रोलचा सरासरी खप एकाएकी वाढला, तर तीही इंजिनाच्या बिघाडाचीच एक खूण असते.

आमच्या या गृहस्थांची वही आता दुसऱ्या वर्षात आहे. मागच्या बकरी ईदला त्यांनी लोणावळ्याच्या पाच फेऱ्या केल्या. प्रत्येक फेरीला घाटाच्या माथ्यावरचा आकडा त्यांनी लिहून ठेवला आहे. पाचही आकडे १९० च्या आत आहेत.